इंग्लिश लाँगबोचं माप नेमकं कुठून कुठं घ्यायचं? मेरी रोजच्या धनुष्यांचं ड्रॉइंग करायलोय

उदगीरचा मास्तर

नमस्कार मंडळी. मी आयटीआयला ड्राफ्ट्समन ट्रेड शिकवतो, त्यामुळं माप, स्केल, टॉलरन्स हे रोजचंच, पण धनुष्याच्या बाबतीत पाटी कोरी आहे म्हणून विचारायलोय. पोरांना दरवर्षी तेच ब्रॅकेट अन् तोच नट-बोल्ट, त्यांना बी कंटाळा अन् मला बी, म्हणून यंदा म्हटलं एखाद्या जुन्या वस्तूचं मेजर्ड ड्रॉइंग, म्हणजे वस्तू मोजून काढलेलं चित्र, करून घेऊ. विषय धरला इंग्रजांचा लाँगबो, म्हणजे त्यांचं जुनं लांब लाकडी धनुष्य. कारण सोपं आहे, वस्तू दिसायला एक काठी, पण काढायला बसलं की सरळ रेघ एक बी सापडत नाही.

आता झालंय असं की इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं मेरी रोज जहाज 19 जुलै 1545 ला बुडालं अन् 11 ऑक्टोबर 1982 ला वर काढलं, त्यात 137 अख्खी धनुष्यं मिळाली, एवढं सगळीकडं वाचायला मिळतं. लांबी 1.87 मीटरपासून 2.11 मीटरपर्यंत, सरासरी 1.98. इथपर्यंत ठीक. पण ड्रॉइंगला बसलो की अडतंय. लांबी म्हणजे कुठून कुठं? कुणी टोकापासून टोकापर्यंत धरतं, कुणी दोरीच्या खाचेपासून खाचेपर्यंत, कुणी नुसतंच 'लांबी' लिहून मोकळं. रुंदी-जाडी मधे एवढी अन् टोकाला एवढी असं दोन आकड्यांत संपवलेलं, मधल्या एक मीटरभर लाकडाचं काय करायचं ते आपलं आपण बघा.

दुसरं एक, किनवटकडं आमच्या मामांच्या घरी माळवदाच्या तुळईला एक बांबूचा जुना तीरकामठा टांगलेला आहे. इंग्रजाच्या धनुष्याची माप घ्यायची रीत एकदा कळली की त्याच रीतीनं मामांच्या कामठ्याची बी नोंद करून ठेवावी असं मनात आहे. तर जाणकारांनी सांगावं, काय काय मोजायचं, किती अंतरावर मोजायचं, अन् किती बारीक मोजायचं.

वाळूज क्वालिटीवाला

मास्तर, तुम्ही ड्राफ्ट्समन आहात म्हणून सरळच विचारतो, डेटम, म्हणजे सगळी मापं जिथून धरायची ती जागा, कुठं आहे? डेटम नसलेलं माप आमच्याकडं इन्स्पेक्शनला आलं तर आम्ही रिपोर्ट वाचत बी नाही, परत पाठवतो. मी पंधरा-वीस वर्षं वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट तपासतो, धनुष्याचा नाद नंतर लागला, पण नियम तोच हो.

आधी टोक ते टोक लांबी घ्या, ती एक. मग खाच ते खाच घ्या, ती दुसरी. दोन्ही लिहा, एकीवरून दुसरी काढता येईल असं समजू नका. मधोमध कुठं धरायचं ते टोक ते टोक लांबीच्या निम्म्यावर धरा अन् तसं लिहून ठेवा, कारण मूठ अगदी मधोमध असेलच असं नाही अन् जुन्या लाकडावर मूठ कुठं होती याची खूण बहुतेक वेळा नसतेच. त्या मध्यापासून वर 10 सेंटीमीटर, 20, 30 असं जायचं, खाली पण तसंच. 198 सेंटीमीटरच्या धनुष्याला मध्य धरून 19 स्टेशनं, म्हणजे मापाच्या जागा, होतात अन् वर दोन टोकं. प्रत्येक स्टेशनला रुंदी अन् जाडी. जाडी म्हणजे पाठीपासून पोटापर्यंत, हे पोरांना आधी घोटून घ्या, नाहीतर अर्धी पोरं उलटं लिहितील. पाठ म्हणजे धनुष्य हातात धरल्यावर जी बाजू निशाण्याकडं ती, पोट म्हणजे आपल्या तोंडाकडं. यू झाडाचं धनुष्य असेल तर पाठीला फिकट सालीकडचं लाकूड अन् पोटाला तांबूस गाभा.

आता जाडीवर एवढा जोर का, ते सांगतो. पट्टी वाकवायला लागणारा जोर रुंदीच्या सरळ प्रमाणात वाढतो पण जाडीच्या घनात वाढतो. समजा मधे जाडी 33 मिलिमीटर आहे अन् तुम्ही 32 लिहिली. दिसायला एक मिलिमीटर, पण 33 चा घन भागिले 32 चा घन करून बघा, दहा टक्क्यांचा फरक येतो. रुंदीत तीच चूक केली तर तीन टक्के. म्हणून रुंदी एकदा मोजली तर चालतं, जाडी प्रत्येक स्टेशनला तीनदा मोजायची अन् तिन्ही आकडे लिहायचे, सरासरी नंतर.

आणखी एक, स्टेशनच्या खुणा लाकडावर पेननं करू नका. कागदाची लांब पट्टी घ्या, तिच्यावर आधीच 10-10 वर रेघा मारा, पट्टी बाजूला ठेवून वाचा.

दख्खनी मर्द

इंग्रजांनी दीडशे वर्षं राज्य केलं ते कमी पडलं का आता त्यांची धनुष्यं मोजत बसायचंय? आपल्याकडं एवढा इतिहास पडलाय देवगिरीपासून, त्याचं कोण मोजणार??

उदगीरचा मास्तर

दादा मी शेवटी मामांच्या कामठ्याचं लिहिलंय तेवढं वाचलं असतं तर बरं झालं असतं. मोजायची रीत कुणाची बी असो, ती शिकून घेतली की देवगिरीलाच वापरायची आहे.

वाळूजवाले भाऊ, लै उपकार. एक अडचण सांगतो. आमच्या वर्कशॉपला एक म्हातारे सुतारकाका येतात, हात एवढा तयार की डोळ्यानं गुण्यात आहे का नाही सांगतात. ते म्हणले मिलिमीटर कशाला, मी तुला इंच-सुतात करून देतो. त्यांच्या भाषेत 'एक सूत कमी कर' म्हणजे किरकोळ गोष्ट. तुमचा घनाचा हिशोब लावून बघितला तर सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या वर, 33 मधून गेलं की राहिले तीसपेक्षा कमी, अन् मधल्या भागाची पाव ताकद गायब! काकांना दाखवलं तर गप बसले अन् म्हणले मंग अर्ध्या सुतात मोजू.

प्रश्न असा की जाडी-रुंदी दोन आकडे घेतले तरी आकार कळतोय कुठं? चौकोन बी 36 बाय 33 असतो अन् अंड्यासारखा बी.

नोंदवही (छत्रपती संभाजीनगर)

मी संग्रहांच्या डॉक्युमेंटेशनचं काम करते, लाकूड आणि शस्त्रं दोन्ही हाताखालून गेली आहेत. वाळूजच्या दादांनी मापाचं चांगलं सांगितलंय, पण ते कारखान्यातल्या पार्टच्या नजरेनं. ऐतिहासिक धनुष्याच्या बाबतीत त्याआधी एक प्रश्न येतो, की आपण आज जे मोजतोय ते 1545 चं माप आहे का?

मेरी रोजची धनुष्यं चारशेहून जास्त वर्षं समुद्राच्या तळाशी गाळात होती. लाकडात पाणी भरलेलं, आतल्या पेशी खराब झालेल्या. वर काढल्यावर वाळवताना लाकूड आटतं, आणि ते सगळीकडून सारखं आटत नाही, उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच, आडवं मात्र चांगलं आटतं. म्हणजे लांबीचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा, रुंदी-जाडीचा तेवढा नाही. वरचंच गणित लावा, रुंदी आणि जाडी दोन्ही फक्त दोन टक्क्यांनी आटल्या तरी वाकवायचा जोर सुमारे आठ टक्क्यांनी कमी दिसतो. म्हणून नोंदीत माप कधी घेतलं, ओलं असताना की वाळल्यावर, काही रसायन दिलेलं होतं का, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धाच समजायचा. आपल्याकडचंच बघा ना, मे महिन्यात नांदेडला मोजलेली लाकडी वस्तू आणि तीच श्रावणात मोजलेली, बारीक मोजणारा व्हर्निअर (जबड्यांत धरून मोजायचं साधन) असेल तर फरक दिसतो.

दुसरं, टोकं. या धनुष्यांच्या दोन्ही टोकांना शिंगाच्या टोप्या बसवलेल्या असत, दोरीची खाच त्या शिंगात. समुद्रात शिंग बहुतेक कुजून गेलं, उरलं ते आतलं निमुळतं लाकूड आणि त्याच्या एका बाजूला शिंग कापताना आत गेलेली खाचेची खूण. म्हणजे मास्तर तुम्ही जी 'टोक ते टोक' लांबी वाचताय ती लाकडाची आहे, दोरी लावलेल्या पूर्ण धनुष्याची नाही. टोपी घातल्यावर ते थोडं लांब असणार. ड्रॉइंगमध्ये टोपी काढायची असेल तर तुटक रेषेनं काढा आणि 'अंदाजे' लिहा. हे अंदाजे लिहायला लोक लाजतात, लाजू नये.

तिसरं, सरळ रेषेचा मोह. तुम्ही म्हणालात सरळ रेघ सापडत नाही, ते अगदी खरं आहे, आणि ते मुद्दाम तसं आहे. कारागीर झाडाच्या धाग्याच्या मागं जातो, धागा वळला की धनुष्य वळतं, गाठ आली की तिच्या आजूबाजूला लाकूड जास्त ठेवतो. पोरांनी 19 ठिपके जोडून छान गुळगुळीत वक्र काढला की झालं, गाठीजवळचा तो फुगवटा गेला. म्हणून 10 सेंटीमीटरच्या स्टेशनांशिवाय जिथं गाठ, फुगवटा, चीर, किडीचं भोक असेल तिथं जादा स्टेशन घ्यायचं आणि त्याचं अंतर मध्यापासून लिहायचं. मेरी रोजच्या बऱ्याच धनुष्यांवर मधल्या भागाजवळ कारागिराच्या कोरलेल्या खुणा आहेत, बारीक टोचे आणि रेघा. त्यांचं नुसतं 'खूण आहे' असं लिहायचं नाही, कुठल्या बाजूला, मध्यापासून किती मिलिमीटरवर, खूण किती मोठी, आणि तिरक्या उजेडात काढलेला फोटो. टॉर्च आडवी धरली की जी रेघ दिवसा दिसत नाही ती दिसते.

चौथं आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं, जुन्या धनुष्याला दोरी लावायची नाही. ओढून बघायचं नाही. मामांच्या कामठ्याला पण नाही, कुणी कितीही म्हटलं तरी. पुसायचं पण नाही, तुळईवरची काजळी तशीच राहू द्या, मऊ ब्रशनं सुटी धूळ काढली तेवढं पुरे.

आकाराच्या प्रश्नाला वाळूजचे दादा उत्तर देतीलच, माझ्याकडून एवढंच की मेरी रोजच्या धनुष्यांत एकच एक आकार नाही. काही इंग्रजी डी अक्षरासारखी, काही जवळजवळ गोल, काहींच्या बाजू चापट. 'लाँगबो म्हणजे डी' हे डोक्यात घेऊन मोजायला बसलं की सगळीकडं डीच दिसायला लागतो.

परभणी आर्चरी

ताई एकच नंबर लिहिलंत. मी पोरांना धनुर्विद्या शिकवतो, मला लाकडाचं तेवढं कळत नाही पण एका आकड्यावर बोलतो कारण त्याच आकड्यावर सगळे उड्या मारतात, ओढीचं वजन, म्हणजे धनुष्य ओढून धरायला लागणारा जोर.

लोक विचारतात मेरी रोजचं धनुष्य किती पाउंडाचं? उत्तर मिळतं 100 ते 185. अरे पण किती इंचाला? आजकालच्या धनुष्यावर जे वजन छापलेलं असतं ते 28 इंच ओढीला धरून असतं, अन् मेरी रोजचे आकडे 30 इंचाच्या ओढीला धरून काढलेत, कारण जहाजावर बाण पण लांब मिळाले, साडेतीन हजाराच्या वर बाण होते अन् त्यातले बहुतेक पॉप्लरच्या लाकडाचे. एवढ्या जड धनुष्याला एक इंच जास्त ओढलं की पाच-सहा पाउंड सहज वाढतात. म्हणजे इंच न लिहिता पाउंड लिहिणं हे दर न सांगता नुसतं बिल सांगितल्यासारखं आहे.

अन् हे 100 ते 185 मोजलेले नाहीत बरं का, काढलेले आहेत. 1980 च्या दशकात काही खरी धनुष्यं सावकाश ओढून बघितली होती, पण लाकूडच आतून खचलेलं, आकडे कमी आले. मग नीट घेतलेल्या मापांवरून कॉम्प्युटर मॉडेल केलं, त्याच मापाची नवी यूची धनुष्यं बनवून ओढली, तेव्हा हे आकडे पुढं आले. रॉबर्ट हार्डी म्हणून जो इंग्लंडचा नट होता तो याच नादात आयुष्यभर होता, त्या अभ्यासात त्याचा मोठा हात. आधी बऱ्याच लोकांना हे पटतच नव्हतं, कारण तोपर्यंत जे लाँगबो हाताळायला मिळायचे ते व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या खेळाच्या धनुष्यांसारखे, पन्नास पाउंडाच्या आसपासचे. आपली ऑलिंपिकची पोरं पण साधारण तेवढंच ओढतात.

185 पाउंड म्हणजे 84 किलो होतात भाऊ!! त्या जहाजावरच्या सांगाड्यांमध्ये खांद्याच्या हाडाचं एक टोक मुख्य हाडाला न जुळलेलं असं नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त जणांत मिळालं, लहानपणापासून जड धनुष्य ओढल्यानं तसं झालं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पोरांना ड्रॉइंगसोबत हे सांगा मास्तर, डोळे मोठे करतील.

प्रतिकृती करून ओढून बघणार असाल तर प्रवासाच्या बॅगा मोजायचा काटा वापरू नका, तो साधारण 50 किलोला संपतो अन् 100 पाउंडच 45 किलो होतात. भिंतीला टिलरचा ओंडका (धनुष्य मधोमध अडकवून ओढायचा) ठोका, पुली लावा, मोठा काटा लावा, समोर उभं राहू नका. अन् शेवटचा एकच आकडा लिहू नका, दर इंचाला वजन लिहा.

वाळूज क्वालिटीवाला

मास्तर आकाराचं सांगतो. कंटूर गेज मिळतो ना, बारीक पिनांचा कंगवा असतो, हार्डवेअरच्या दुकानात टाइल बसवणारे घेतात तो. प्रतिकृतीवर बिनधास्त दाबा. जुन्या वस्तूवर पिना दाबायच्या नाहीत, ताई ओरडतील अन् बरोबर ओरडतील. तिथं पुठ्ठ्याची टेंप्लेट करा, अर्धा आकार पुठ्ठ्यात कापायचा, लाकडाला नुसता टेकवायचा, मागून उजेड धरायचा, जिथून उजेड येतो तिथं पुठ्ठा अजून कापायचा. वेळ जातो पण लाकडाला काही होत नाही. निदान पाच ठिकाणी करा, मध्य, दोन्ही बाजूला अर्ध्यावर, दोन्ही टोकांच्या जरा आधी. बाकी स्टेशनला चार आकडे, सगळ्यात जास्त रुंदी, सगळ्यात जास्त जाडी, दोरा गुंडाळून घेतलेला घेर, अन् जास्तीत जास्त रुंदी पाठीपासून किती खाली येते ते. हा चौथा आकडा कुणी घेत नाही पण यानंच डी का गोल ते कळतं.

आजचा नियम ऐका, इंग्लंडातल्या लाँगबोवाल्यांच्या स्पर्धेत कुठल्याही जागी जाडी रुंदीच्या निदान पाच अष्टमांश पाहिजे, म्हणजे 62.5 टक्के. त्याहून चापट झालं की तो त्यांच्या लेखी लाँगबो राहत नाही. म्हणजे वस्तूची व्याख्याच दोन मापांच्या भागाकारावर आहे. तुमच्या टेबलात जाडी भागिले रुंदी असा एक कॉलम टाकून ठेवा, पोरांना एक्सेल बी शिकून होईल.

नोंदवही ताईंच्या संग्रहालयवाल्यांशी एका ठिकाणी माझं जमत नाही. संग्रहालयाच्या बऱ्याच नोंदींत अर्ध्या मिलिमीटरला पूर्ण करून लिहितात अन् म्हणतात हातानं तासलेलं लाकूड आहे, त्याहून बारीक कशाला. मधे 33 ला अर्धा मिलिमीटर चालेल. पण टोकाकडं जाडी 15 वर आली की तोच अर्धा मिलिमीटर तिथल्या जोरात दहा टक्के खातो. म्हणून 0.1 पर्यंत वाचा. व्हर्निअर 0.02 दाखवतो म्हणून 33.42 लिहायचं नाही, ती नुसती ऐट झाली.

अन् झिरो एरर बघितल्याशिवाय सुरुवात नाही. जबडे मिटवून शून्य येतंय का, आलं नाही तर किती, तो आकडा शीटच्या वरच.

नोंदवही (छत्रपती संभाजीनगर)

0.1 ला माझी हरकत नाही दादा, पण तीन वेळा मोजल्यावर तीन आकड्यांत 0.4 चा फरक आला तर तो फरकच लिहा, लपवू नका. आणि स्टीलचे जबडे जुन्या लाकडाला लावू नका, विशेषतः पाण्यातून निघालेलं लाकूड वरून कडक दिसतं पण जबड्याचा वळ बसतो. प्लॅस्टिकचा व्हर्निअर स्वस्तात मिळतो.

उदगीरचा मास्तर

लै म्हणजे लैच मिळालं. वाकाचं राहिलं. मामांचा कामठा दोरी नसताना बी वाकलेलाच आहे, वर्षानुवर्षं टांगून. इंग्रजी धनुष्यांत बी काही वाकलेली असतील, ते कसं काढायचं? अन् लाकूड, यू आपल्याकडं कुठून आणू? प्रतिकृती कशाची करू?

वाळूज क्वालिटीवाला

वाक काढायला दोन टोकांना दोरा ताणून बांधा, अगदी बारीक मासेमारीचा दोरा, अन् प्रत्येक स्टेशनला दोऱ्यापासून पाठीपर्यंत किती अंतर ते घ्या. पण धनुष्य ठेवता कसं यावर ते अवलंबून आहे, दोन टेकूंवर आडवं ठेवलं तर स्वतःच्या वजनानं बी जरा झुकतं. म्हणून ते कुशीवर ठेवा, म्हणजे वाकायची दिशा जमिनीला समांतर राहील, टेबलावर कागद अंथरून. मग दुसऱ्या अंगानं पाठीवरून बघत तेच करा, कारण डाव्या-उजव्या बाजूला पण वळण असतं, ते वेगळ्या कॉलमात. टोकं एकमेकांच्या हिशोबानं पिळलेली आहेत का ते बघायला दोन्ही टोकांना एकेक हलकी पट्टी आडवी टेकवा अन् एका डोळ्यानं बघा, सुतारकाका हे रोज करतात, त्यांनाच करू द्या.

प्रतिकृती झाली की एक चेक नक्की करा. वजन करा. मग मापांवरून घनफळ काढा, प्रत्येक स्टेशनला क्षेत्रफळ, दोन शेजारच्यांची सरासरी गुणिले 10 सेंटीमीटर, सगळी बेरीज. वजन भागिले घनफळ. यू असतं तर घनसेंटीमीटरला 0.6 ते 0.7 ग्रॅमच्या आत यायला पाहिजे. बाहेर गेलं तर लाकडात काही नाही, तुमच्या टेबलात कुठंतरी आकडा फिरलाय. आमच्याकडं याच पद्धतीनं बऱ्याच चोऱ्या पकडल्यात :) जुन्या, पाण्यातल्या किंवा रसायन दिलेल्या लाकडाला हा चेक लावायचा नाही, तिथं घनताच बदललेली असते.

किनवटकर

यू आपल्याकडं नाही, हिमालयात आहे, त्याला तिकडं थुनेर म्हणतात अन् ते कायद्यानं संरक्षित आहे, तिकडं जाऊच नका. आपल्याकडं धामणाचं लाकूड बघा. जुन्या काळापासून धनुष्याला तेच चालायचं, लवचीक असतं. तोडू मात्र नका, वखारीत किंवा कुणाच्या बांधावर पडलेलं असेल तर घ्या. पण एक लक्षात ठेवा मास्तर, लाकूड बदललं की मापं तीच ठेवून वजन तेच येणार नाही. ड्रॉइंग यूचं, धनुष्य धामणाचं, तर ते दाखवायचं मॉडेल झालं, त्याला ओढून 'मेरी रोज एवढ्या पाउंडाचं' म्हणायचं नाही.

मामांच्या कामठ्याबद्दल. आमच्या भागात कोलाम, गोंड, आंध लोकांच्या घरी असे कामठे अजून आहेत, मी काही बघितलेत. बांबूला 10 सेंटीमीटरचं स्टेशन लावलं तर एक स्टेशन पेरावर येतं, दुसरं पेराच्या जरा अलीकडं, आकडे वेड्यासारखे वरखाली होतात अन् काही कळत नाही. बांबूला प्रत्येक पेरावर एक माप अन् दोन पेरांच्या मधोमध एक माप, असं घ्या, अन् मध्यापासूनचं अंतर लिहा. पेरावरची जाडी वेगळ्या रंगानं. बाहेरची चकचकीत साल कुठल्या बाजूला ठेवलीय ते नक्की बघा, अन् साल कुठं तासलीय का ते बी. आतल्या बाजूनं किती तासलंय ते पेराच्या पडद्याच्या उरलेल्या खुणेवरून कळतं.

दोरी असेल तर ती सोडू नका, लैच महत्त्वाची. बऱ्याच कामठ्यांना दोरी पण बांबूच्याच सालीच्या पट्टीची असते, दोन्ही टोकांना पट्टी कशी गुंतवलीय त्या गाठीचा फोटो घ्या, सगळ्या बाजूंनी. मेरी रोजवरची एक बी दोरी शाबूत मिळाली नाही, तुमच्या मामांकडं असली तर त्या बाबतीत तुम्ही इंग्रजांच्या पुढं आहात. दख्खनी मर्द भाऊ खूश होतील.

अन् मामांना विचारा. कुणी केला, बांबू कुठल्या रानातला, कोणत्या महिन्यात तोडलेला, कशासाठी वापरायचे. मापाच्या शीटवरच लिहा, वेगळ्या वहीत लिहिलं की ते हरवतं.

दख्खनी मर्द

हे आवडलं. माझ्या सोयगावच्या मित्राकडं पण आजोबांचा तीरकामठा आहे, भिल्ल आहेत ते. शीट झाली की इथं टाका मास्तर, त्याला पाठवतो.

उदगीरचा मास्तर

टाकतो की. पोरांनी शीट करायला घेतलीय. वर वस्तूचं नाव, लाकूड, ओलं का कोरडं, तारीख, व्हर्निअर कुठला अन् झिरो एरर किती. खाली स्टेशन, रुंदी, जाडी तीनदा, घेर, जास्तीत जास्त रुंदीची जागा, वाक, आडवं वळण, शेरा. शेऱ्याचा कॉलम सगळ्यात रुंद ठेवायला सांगितलाय.

आता शेवटचं, ड्रॉइंगचंच. ए-1 शीटवर 198 सेंटीमीटर बसवायचं तर 1:5 ला लांबी 39.6 सेंटीमीटर येते, छान बसते, पण मधली 33 ची जाडी कागदावर साडेसहा मिलिमीटर होते अन् टोकाची 15 ची फक्त तीन. ताईंचा तो गाठीजवळचा फुगवटा पेन्सिलच्या रेघेतच बुडतो. 1:2 केलं तर एका तुकड्यात शीटवर मावत नाही, मधे तोडून दोन बाजू वेगळ्या काढाव्या लागतात. काय करावं?

नोंदवही (छत्रपती संभाजीनगर)

तोडू नका, तोडलं की वळणाची रेघ तुटते आणि मग मधला भाग नेमका कसा होता यावर वाद होतात. लांबी 1:5 ठेवा आणि जाडी, रुंदी, वाक 1:1 काढा. धनुष्य कागदावर ढबू दिसेल, दिसू द्या. खाली त्याच शीटवर 1:10 ला खऱ्या प्रमाणातलं एक छोटं चित्र द्या, म्हणजे बघणाऱ्याची गफलत होणार नाही. पाच आडवे छेद 1:1 मध्ये, ज्या स्टेशनचे त्याच्या बरोबर वरती, पाठ वरच्या बाजूला ठेवून, सगळे एकाच दिशेनं बघितलेले.

वाळूज क्वालिटीवाला

बरोबर. अन् टायटल ब्लॉकमधे 'स्केल' च्या घरात एकच आकडा टाकू नका मास्तर, 'लांबी 1:5, बाकी 1:1' असं पूर्ण लिहा. नाहीतर कुणीतरी फूटपट्टी लावून धनुष्य 165 मिलिमीटर जाड होतं म्हणून पुढं ढकलून देईल.